ककणेराची चोच

"यमे, तुझा तो ककणेर दुपारचा बसतो कुठं?" भावोजींनी अगदी सहज विचारलं. ओटीवर बसून ते पन्हं पीत होते आणि मी दाराशी उभी राहून त्यांच्या नव्या चपलांकडे बघत होते.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्या पक्ष्याचं नाव काढलं की आये म्हणायची, "लागली पोथी वाचायला." बाबा तर मानसुद्धा वर करायचे नाहीत. आणि इथं साक्षात घरचे जावई मला, दहा वर्षांच्या पोरीला, माझ्या पक्ष्याबद्दल विचारत होते. मी नुसतं सांगितलं नाही, त्यांना उठवून घेऊन गेले. आमच्या परसाच्या वर, देवराईचा दगडी गडगा संपतो तिथं एक भेरली माड होता. उन्हं तापली की ककणेर, पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात तो, त्याच्या शेंड्याला येऊन बसायचा, ती भली मोठी पिवळी चोच झावळीच्या दांड्याला पुसायचा आणि घटकाभर पेंगायचा.

"हे राईच्या बाहेर ना, नक्की?"

"बाहेरच. हा बघा की गडगा."

"हुशार हायस," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदुकीचा एकच बार झाला. आये म्हणाली, कोणीतरी डुकराच्या मागं असेल. मी भांडी घासत होते ती घासतच राहिले.

माझे बाबा वाघजाईचे गुरव. देवीची राई आमच्या घरामागूनच सुरू व्हायची आणि तिचे नियम सगळ्या गावाला होते, पण आम्हाला जरा जास्तच. राईतली वाळकी काटकी चुलीत घालायची नाही. राईतल्या झाडावर पाय द्यायचा नाही. गुरवाच्या घरात सोयर-सुतक आलं की बारा दिवस घरातल्या कोणीही राईत पाऊल टाकायचं नाही, तेवढे दिवस देवीला पाणी घालायला दुसऱ्या वाडीतून चुलत घराणं यायचं. हे सगळं मला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

राईत एका कातळाच्या कडेखाली बेहड्याचं म्हातारं झाड होतं. कडेवर पालथं पडलं की त्याची ढोली बरोबर समोर यायची, दोन बांबू जोडले तर टोक पोहोचेल इतक्या अंतरावर. शिमगा झाला त्या आठवड्यात ककणेराची मादी त्या ढोलीत शिरली आणि माती-विष्ठेनं आतून तोंड लिंपून बसली. उभी एक फट तेवढी ठेवली. नर उंबरं घेऊन यायचा, फटीतून तिची चोच बाहेर यायची, आणि हा एकेक उंबर घशातून काढून तिला भरवायचा. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकदाच मान वर केली.

"आत गेली की तिची पिसं झडतात," ते म्हणाले. "उडता येत नाय. पिल्लं मोठी होईस्तोवर त्यानं आणलं तर खायचं."

"आणि नाय आणलं तर?"

"आणतो. जीव गेला तरी आणतो."

मी रोज सकाळी तिथं जायची. पहिले आठ दिवस नर मला बघून लांबच्या झाडावर बसून ओरडायचा, शिव्याच देत असावा. मग मी कातळावर उंबरं ठेवू लागले. आधी मी गेल्यावर, मग मी पाठ फिरवल्यावर, मग माझ्या डोळ्यांदेखत तो ती उचलू लागला. एकेक उंबर हवेत उडवून झेलायचा आणि माझ्याकडे असं बघायचा की, जमेल का तुला? एक दिवस त्यानं माझ्या तळहातावरचं उंबर घेतलं. एवढी दांडगी चोच, पण हाताला कळलंही नाही. त्या दिवशी मी शाळेत कोणाशी बोलले नाही, बोलले असते तर ओरडलेच असते.

त्याच पक्ष्याला भावोजी पोत्यात घालून घेऊन आले.

त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मी पुष्कळ घातल्या, मनातल्या मनात. पण त्यांचं ऐका. माझी थोरली बहीण, द्वारकाआक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे पाय सुजले होते, वैद्यानं उठू नको सांगितलं होतं, म्हणून माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत ती महिनाभर पडून होती. भावोजींची स्वतःची बहीण तीन दिवस कळा देऊन गेली होती. त्यांच्या गावात म्हणत, अडलेल्या बाईच्या मुठीत ककणेराची चोच दिली की ती लौकर सुटते.

"आमच्या ताईच्या वेळंला चोच मिळाली नाय," ते आयेला सांगत होते. "लय शोधली. मिळाली नाय."

बाबांनी एवढंच विचारलं, "राईच्या बाहेर मारलास?"

"बाहेर. यमीनं दाखवला, म्हणून तर सापडला." आणि त्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

चोच उकळून साफ केली, राखेत सुकवली, तांबड्या फडक्यात बांधून आक्काच्या उशाशी कोनाड्यात ठेवली. भावोजी बिनघोर होऊन आपल्या गावी गेले. मला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. रडावं तर कशासाठी विचारतील, आणि मीच दाखवला हे तर सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडेवर गेले. फटीतून मादीची चोच बाहेर आलेली होती. ती वाट बघत होती. वाऱ्यानं झाड हललं तरी ती चोच उघडायची. नर यायचा तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज भाता ओढल्यासारखा लांबून यायचा, आणि ती त्या आवाजासाठी कान देऊन होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी कातळावर पालथी पडून तिला म्हटलं, "तो येणार नाय गो." मग मलाच माझी लाज वाटली.

घरी येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, बेहड्यावर चढून तिला उंबरं घालू?"

"राईतल्या झाडावर पाय?" बाबांनी असं बघितलं की जणू मी देवळात थुंकलेच. "देवीचं पाखरू हाय, देवी बघेल."

देवी काही बघत नव्हती. मी दोन बांबू काथ्यानं जोडले, टोकाला उंबर टोचलं आणि कडेवरून फटीपाशी धरलं. राईतल्या झाडाला माझा पाय लागत नव्हता, त्यामुळे नियमही मोडत नव्हता. पण मादीनं चोच आत ओढली. पुन्हा धरलं तर बांबूवर अशी चोच मारली की माझ्या खांद्याला हिसका बसला. दोन दिवस हेच चाललं. हात भरून यायचे, उंबरं खाली पडायची. तिसऱ्या दिवशी ढोलीतून बारीक चिरचिर ऐकू आली. आत पिल्लू होतं. आणि तिची चोच आता फटीच्या बाहेर येतच नव्हती, नुसती कडेला टेकलेली दिसत होती.

तिच्या ओळखीची एकच गोष्ट होती, आणि ती आमच्या घरात आक्काच्या उशाशी होती.

मी खोलीत गेले तेव्हा आक्का भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कोनाड्यातलं गाठोडं सोडलं, चोच परकरात लपवली, आणि तिच्याजागी नारळाच्या सोडणाचा तेवढाच तुकडा घालून पुन्हा तशीच गाठ मारली. परत वळले तरी आक्का हलली नाही. मी देवाला हात जोडले की ही गाढ झोपलेली असू दे.

बांबूच्या टोकाला मी ककणेराची चोच बांधली, आणि तिच्या दोन पात्यांमध्ये उंबर धरवलं. बांबू इतका लवत होता की चोच फटीवर टकटक आपटली. आतून दुसरी चोच आली. थांबली. मग तिनं उंबर हळूच काढून घेतलं, जसं ती रोज घ्यायची. मागोमाग आतली चिरचिर वाढली. मी त्या दिवशी अकरा उंबरं भरवली. हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. मेलेल्या नवऱ्याच्या तोंडानं मी तिला फसवत होते, पण ती खात होती.

आठ दिवस हे चाललं. सकाळी चोच न्यायची, तासाभरात आणून ठेवायची. आक्का नेहमी भिंतीकडे तोंड करून. तिचे दिवस भरत आले होते. रोज मी ठरवायची की आजचं शेवटचं, आणि रोज ती चिरचिर आठवायची.

नवव्या दिवशी मादीनं उंबर घेतलं आणि चोच सोडली नाही. धरूनच बसली. मी बांबू मागं ओढला, तिनं आत ओढला. काथ्या सैल झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी चोच वळली, फटीत उभी झाली आणि आत गेली. मी रिकामा बांबू धरून उभी राहिले, आणि त्याच क्षणी खालून आयेची हाक आली, "यमेऽऽ, ये गोऽऽ, आक्काच्या पोटात दुखाय लागलंय!"

मी धावत जाऊन गंगू सुईणीला बोलावून आणलं. पाणी तापवलं, जुनी लुगडी फाडली. आयेनं कोनाड्यातलं गाठोडं काढलं आणि आक्काच्या मुठीत दिलं. "घट्ट धर, बाय," ती म्हणाली. "आता सुटशील."

मी दारात उभी होते. त्या मुठीत सोडण होतं हे फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोलून काय होणार होतं? चोच ढोलीत होती, ढोली राईतल्या झाडात होती, आणि झाडाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आक्कानं माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मग तिनं मूठ आणखी आवळली आणि डोळे मिटले. दुपार झाली, उन्हं कलली. आत आक्का ओरडायची आणि बाहेर मी वाघजाईला, मारुतीला, दिसेल त्या देवाला नवस बोलायची. त्यात मला मारून टाक, हा सुद्धा एक नवस होता.

दिवेलागणीला मुलगा झाला. तो रडला नाही. गंगूनं त्याला उलटा धरला, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली. मग लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाबांच्या हातात दिला.

आक्का म्हणाली, "हे पण त्याच्याबरोबर ठेवा," आणि तांबडं गाठोडं पुढं केलं. गाठ तशीच होती. बाबांनी ते बाळासोबत परसाच्या टोकाला पुरलं.

भावोजी दुसऱ्या दिवशी आले. खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून त्यांनी तेवढंच विचारलं, "चोच व्हती ना हातात?"

"व्हती," आक्का आतून म्हणाली.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. सोडलीच नाय मी."

त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. "मंग देवाच्याच मनात नव्हतं," ते म्हणाले. माझी सुटका झाली होती.

घराला बारा दिवसांचा विटाळ लागला. राई बंद. बाबा ओटीवर बसून असायचे, त्यांच्यासमोरूनच, घराला वळसा घालून, राईची वाट जायची. तशीही मी गेले नसते. माझ्यामुळं नर मेला, माझ्यामुळं आक्काचं बाळ गेलं, आता ती आतली दोघं मरतील, तर मरोत, असं मी ठरवून टाकलं होतं. तरी सकाळ झाली की पाय आपोआप परसाकडे वळायचे. मग परत येऊन मी कोपऱ्यात बसायची.

तिसऱ्या दिवशी आये धुणं घेऊन पऱ्ह्यावर गेली. आक्कानं हाक मारली, "यमे, पाय चेप जरा. आणि दार लाव."

खोलीत धुरीचा वास होता. दूध आटावं म्हणून आयेनं तिची छाती फडक्यानं करकचून बांधली होती. मी पायाशी बसले. बाळ गेल्यापासून आक्का रडली नव्हती. गंगू म्हणायची, रडू दे तिला, नाहीतर डोक्यात जाईल.

"तिनं खाल्लं का गो?" आक्कानं विचारलं.

"कोणी?"

"कोणी म्हंजे? तुझ्या त्या बाळंतिणीनं."

माझे हात थांबले.

"बघतेस काय? सोडण आणि चोच ह्यातला फरक मला कळत नाय? नारळ सोलतच मोठी झालेय मी." ती जराशी हसली देखील. "रोज सकाळी उंदरासारखी येत होतीस. एकदा तर माझ्या केसांवर पाय दिलास."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून जी रडायला लागले ती थांबेचना. "आक्का, तू बोलली का नायस? चोच असती तर..."

"काय नसतं झालं." ती भिंतीकडे वळली. "माझ्यातलं आधीच थांबलं होतं. दोन दिवस हललं नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाय. सांगितलं की खरं होईल, असं वाटायचं. सकाळी तू आलीस, चोच काढलीस. म्हटलं, नेऊ दे. तिच्यातलं तरी हलतंय."

हे खरं होतं, की माझ्यासाठी तिनं तेव्हाच रचलं होतं, हे मी आक्काला पुढं कधीच विचारलं नाही. पन्नास वर्षं आम्ही एकमेकींना शिमग्याला, गौरीला भेटत होतो. प्रत्येक वेळी प्रश्न ओठावर यायचा आणि मी चहा टाकायला उठायची. आता ती नाही.

"जा," आक्का म्हणाली.

"विटाळ हाय. बाबा ओटीवर बसलेत."

"न्हाणीच्या दारानं जा, गडग्यावरनं उडी मार. कोणी विचारलं तर तू माझे पाय चेपत होतीस. मी सांगेन."

"देवी कोपली तर?"

"आणखी काय नेणार हाय ती माझं?"

मी गेले. बांबू कडेवर तसाच पडला होता. आता टोकाला बांधायला काही नव्हतं. नुसतं उंबर टोचलं आणि फटीपाशी धरलं. आत काहीच हललं नाही. मी धरून राहिले. दंड पेटले, मग बधिर झाले, बांबू डगमगू लागला, तरी धरून राहिले. मी तिला नावं ठेवली, शिव्या दिल्या, पाया पडले. शेवटी फटीत काहीतरी पिवळं दिसलं. तिनं चोच पुढं केली, उंबराला लावली, मागं घेतली. पुन्हा पुढं केली आणि उंबर ओढून घेतलं. ते तिनं खाल्लं नाही. ती आत वळली, आणि आतून ती चिरचिर आली, अगदी बारीक, पण हट्टी.

न्हाणीच्या दारानं मी परत आले तेव्हा आक्का उठून बसली होती.

"खाल्लं?"

"दोन खाल्ली. पहिलं तिनं पिल्लाला घातलं."

"पिल्लू हाय?"

"हाय. वरडलं."

आक्कानं वाकळ तोंडाशी धरली आणि पहिल्यांदा रडली. एवढं रडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तिच्या छातीला बांधलेलं फडकं पुढून भिजत गेलं, चोळी भिजली, आणि ती ते लपवायच्याही भानगडीत पडली नाही. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. ओटीवर बाबा खोकले, आणि आत आले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"उद्या लौकर जा," ती म्हणाली. "सकाळच्याला भूक जास्त असते."